चर्चगेटच्या पुढचं स्टेशन

गाडी चर्चगेटला येऊन थांबली आणि आजी उठेना.

२०२२ चा पावसाळा होता. तिचे डोळे दाखवायला मी तिला बोरिवलीहून फोर्टात घेऊन चालले होते. डब्यातल्या बायका उतरल्या, परतीच्या बायका गाडी नीट थांबायच्या आतच चढून जागा पकडून बसल्या. आजी मात्र मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात ठेवून खिडकीत बसून राहिली.

"आजी, चल. आलं."

"कुलाबा आलं की उतरू."

"कुलाब्याला ट्रेन जात नाही गं. चर्चगेट शेवटचं."

"पुढे एक आहे," ती म्हणाली. "समुद्राकडेनं जाते गाडी. बाबा तिथेच उतरतात."

मला बारा वाजता एक कॉल होता. मी तिच्या नाकासमोर मोबाइल धरला, नकाशा मोठा केला आणि म्हणाले, "हे बघ. इथे रूळ संपले. पुढे रस्ता आहे. समुद्र तिकडे, लांब." समोरच्या बाईने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. आजीने नकाशाकडे पाहिलंच नाही. पर्स घेऊन उठली आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही.

पुढच्या महिन्यात तिला विसरण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. कुठे गोंधळते, उदाहरण सांगा, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हाच किस्सा सांगितला. फाइलमध्ये अजून आहे तो. मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला होता.

मी एका डिलिव्हरीच्या अ‍ॅपसाठी पत्त्यांवर काम करते. म्हणजे लोक जे लिहितात, 'जुन्या पोस्टासमोर, बंद पडलेल्या गिरणीच्या गल्लीत', त्याचं अक्षांश-रेखांशात रूपांतर करणं. आपल्याकडे लोक पत्ता सांगताना नसलेल्या गोष्टींचा फार आधार घेतात. पोस्ट हलून दहा वर्षं झालेली असतात, पण गल्लीला खूण तीच. आमच्या टीममध्ये अशा खुणांना 'स्टेल डेटा' म्हणतात. शिळा माल. शोधायचा आणि काढून टाकायचा. त्या दिवशी चर्चगेटला मी आजीचं तेच केलं होतं, हे कळायला मला दीड वर्ष आणि एक पोस्टकार्ड लागलं.

*

पोस्टकार्ड सापडलं ते अपघाताने. मैत्रिणीच्या लग्नात तिला जुन्या मुंबईचं एखादं चित्र फ्रेम करून द्यावं म्हणून मी लिलावाच्या साइट्स धुंडाळत होते. 'बॉम्बे' असं टाकलं की शेकड्याने कार्डं येतात आणि त्यातली बहुतेक इंग्लंडमधले विक्रेते विकत असतात. आधी विचित्र वाटतं, मग लक्षात येतं की कार्डं तिकडेच तर पाठवली गेली होती. मुंबईत फोटो काढला, जर्मनीत छापला, परत मुंबईत विकला, विकत घेणाऱ्याने चार ओळी खरडून मायदेशी धाडला. तिथे कुणाच्या तरी आईने, बहिणीने तो अल्बममध्ये खोचला आणि शंभर वर्षांनी घर आवरताना तो बाहेर पडला. आपल्या किनाऱ्याचे फोटो आज आपल्याला पौंड मोजून परत आणावे लागतात ते यामुळे. माझं कार्ड नऊ पौंडांना पडलं. पोस्टेज वेगळं.

कार्डावर खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलंय: बॅक बे, युनिव्हर्सिटी टॉवरवरून. म्हणजे राजाबाई टॉवर. कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून आहे. खाली ओव्हल मैदान, मैदानाच्या कडेने माडांची रांग, त्यापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे एक सरळ रेघ. आणि रेघेला लागून लगेच समुद्र. अधेमधे काही नाही. ना इमारती, ना मरीन ड्राइव्ह.

मी चित्र मोठं केलं. त्या रेघेवर पांढरट धुराचा एक फुगा होता.

ओव्हलच्या बरोबर समोर. मी परत परत बघितलं. टॉवरवरून पश्चिमेला बघताना उत्तर उजव्या हाताला. चर्चगेट स्टेशन उजवीकडे, चित्राच्या चौकटीबाहेर. मग ओव्हलच्या समोर धूर सोडणारी ही गाडी कुठे चालली होती?

*

उत्तर शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. बी.बी. अँड सी.आय. रेल्वे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज, १८७० च्या सुमारास चर्चगेटपर्यंत आली आणि नंतर दोन-तीन वर्षांतच कुलाब्यापर्यंत गेली. १८९६ मध्ये कुलाब्याला मोठं टर्मिनस उभं राहिलं. ५ जानेवारी १९२८ ला या मार्गावर पहिली विजेची लोकल धावली. कुठून कुठे? कुलाबा ते बोरिवली. आमच्या बोरिवलीच्या घराच्या गच्चीतून रूळ दिसतात. ज्या रुळांवरून मी रोज ऑफिसला जाते, त्यांचं दुसरं टोक एके काळी कुलाब्याला होतं. आणि मी आजीला नकाशा दाखवत होते.

तीन वर्षंही ते सुख टिकलं नाही. ३१ डिसेंबर १९३० नंतर कुलाब्याची गाडी बंद झाली आणि चर्चगेट शेवटचं स्टेशन झालं. कारण ज्या समुद्राच्या काठाने ती धावत होती तो समुद्रच मागे हटवायचं चाललं होतं.

खरं तर गाडी आली तीही समुद्र हटवण्याच्याच एका फसलेल्या प्रयत्नातून. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा इतका झाला की तो कुठे घालावा कळेना. बॅक बे बुजवायची कंपनी निघाली, तिच्या शेअर्सवर लोकांनी उड्या टाकल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर निम्मं गाव बुडालं. किनाऱ्यालगत भरावाची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली. रेल्वेला ती मिळाली.

या सगळ्या खेळाचा राजा होता प्रेमचंद रायचंद. त्याने भरभराटीच्या दिवसांत विद्यापीठाला देणगी दिली होती आणि तिच्यातून जो टॉवर उभा राहिला त्याला आपल्या आईचं नाव दिलं, राजाबाई. तो १८७८ मध्ये पुरा झाला. म्हणजे माझ्या कार्डाचा फोटोग्राफर उभा होता कापसाच्या तेजीतून बांधलेल्या टॉवरवर, आणि कॅमेरा रोखला होता त्याच तेजीच्या मंदीतून उरलेल्या पट्टीवर. त्याला याची कल्पना असेल का, कोण जाणे. त्याला बहुतेक माड हवे होते.

*

कार्ड हातात आलं तेव्हा मी पहिल्यांदा ते उलटं केलं. ही सवय आता सगळ्या कार्डांना लागलीय. पुढची बाजू विकायला असते, खरी माहिती मागे.

पोस्टाचा शिक्का फरफटलेला होता, वर्ष वाचता येत नव्हतं. पण पाठ मधोमध रेघ मारून विभागलेली होती, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. इंग्लंडने असं कार्ड १९०२ मध्ये चालू केलं, इतर देश मागून आले. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, म्हणून अगदी जुन्या कार्डांवर चित्राखाली पांढरी जागा सोडलेली असते आणि लोक तिथे, कधी कधी आकाशातसुद्धा, लिहायचे. तिकीट एक आण्याचं, तांबडं, सातव्या एडवर्डचं. त्यावर 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' असे शब्द. ते शब्द एडवर्डच्या तिकिटांवर १९०६ पासून आले, आणि १९११ पासून पाचव्या जॉर्जची तिकिटं निघाली. म्हणजे कार्ड मोटामोटी त्या पाच-सहा वर्षांतलं. एखादा बग शोधताना लॉग वाचत मागे मागे जावं तसं वाटलं, फक्त इथे लॉग लिहिणाऱ्याला आपण लॉग लिहितोय हे माहीत नव्हतं.

पत्ता इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा. तेही समुद्रकाठचंच गाव. मजकूर असा: उकाडा फार आहे, तब्येत बरी आहे, चित्रात डाव्या कडेला फुली मारली आहे तिथे मी काम करतो. फुली सेक्रेटरिएटच्या कोपऱ्यावर आहे, जिथे आता सत्र न्यायालय आहे. गाडीबद्दल एक अक्षर नाही. का असावं? त्याच्यासाठी ती रोजची होती.

मग पुढची बाजू. मोबाइलच्या मॅक्रो लेन्सने बघितलं तर ठिपके दिसत नाहीत, सुरकुतलेल्या सायीसारखा बारीक कण दिसतो. कोलोटाइपची छपाई ती. काचेवरच्या जिलेटिनच्या थरावरून छापतात, फोटो फार मऊ उतरतो. त्यावर वेगळ्या दगडांवरून रंग चढवायचे. अशी बरीचशी कामं पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनीत होत. रंग भरणाऱ्या कारागिराने मुंबई कशाला बघितली असेल? मूळ फोटो काळा-पांढरा, आणि तेव्हाच्या काचेच्या प्लेटा निळ्याला हावरट, तांबड्याला आंधळ्या. त्यामुळे आकाश आणि समुद्र कोरे पांढरे यायचे आणि लाल लुगडं नेसलेली बाई काळ्या कपड्यात दिसायची. कारागीर त्या कोऱ्या जागेत आपल्याला वाटेल तो समुद्र भरायचा. माझ्या कार्डातला समुद्र निळाशार आहे. बॅक बेचं पाणी ज्याने एकदा तरी पाहिलंय त्याला हसू येईल. याहून मजेची कार्डं म्हणजे चांदण्यातली: दिवसाच फोटो काढायचा, छापताना गडद निळा ओतायचा आणि वर एक चंद्र चिकटवायचा. इन्स्टाग्रामच्या फिल्टरला नावं ठेवणाऱ्या काकालोकांना मी हल्ली ही कार्डं पाठवते.

धुराला मात्र त्याने रंग दिलेला नाही. तसाच सोडलाय, कागदाचा पांढरा.

त्या काळची किनाऱ्याची बाकीची कार्डं बघत गेलं की कुणाला काय विकायचं होतं ते कळत जातं. मलबार हिलवरून दिसणारी उपसागराची चंद्रकोर, अपोलो बंदर, १९०३ मध्ये उघडलेलं ताजमहाल हॉटेल आणि त्याच्यासमोर गेट वे नसलेला मोकळा धक्का, कारण गेट वेचं उद्घाटनच १९२४ मध्ये झालं. समुद्राकडे तोंड करून प्रार्थना करणारे पारशी. नारळी पौर्णिमेची गर्दी, 'कोकोनट डे' या नावाने. आणि स्टुडिओतल्या पडद्यापुढे टोपली घेऊन उभी केलेली कोळीण. तिच्याखाली लिहिलेलं असतं 'फिशरवूमन, बॉम्बे'. इमारतींना नावं, टॉवरला नाव, बोटींनासुद्धा नावं. ती नुसती फिशरवूमन. तिच्या नजरेत बहुतेक वेळा कंटाळा असतो आणि मला त्या सबंध चित्रात तेवढीच गोष्ट खरी वाटते. त्याच सुमारास आपल्या एम. व्ही. धुरंधरांनी मुंबईच्या माणसांची चित्रं काढली, तीही कार्डांवर छापली गेली. त्यांच्या बायका निदान कुठेतरी निघालेल्या असतात. त्यांना काम असतं.

*

मामाला फोन केला. तो नाशिकला असतो आणि जुन्या गोष्टी त्याच्याकडे नीट घडी घालून ठेवलेल्या असतात.

"अगं, आजोबा कापसाच्या पेढीवर कारकून होते ना," तो म्हणाला. "कापसाचा बाजार तेव्हा कुलाब्याला. गिरगावातून चालत चर्नी रोडला जायचे, गाडी पकडायचे. पुढे बाजार शिवडीला गेला, मग शिवडी."

"पण आजीचा जन्म छत्तीसचा. कुलाब्याची गाडी तीसमध्ये बंद झाली."

"मग?"

"मग ती कशी बसली त्या गाडीत?"

मामा जरा थांबला. "ती नाहीच बसली. आजोबा सांगायचे. पावसाळ्यात समुद्राकडच्या खिडक्या लावून घ्यायला लागायच्या, छत्री उलटी व्हायची, डबा खारा व्हायचा. आम्हालाही सांगितलंय."

म्हणजे डॉक्टरही चुकले नव्हते. ती गोंधळलीच होती. फक्त आपल्या नव्हे, बापाच्या आठवणीत गोंधळली होती. आणि ती आठवण मात्र चोख होती, स्टेशनासकट.

१९०९ च्या इम्पीरियल गॅझेटियरच्या अ‍ॅटलासमध्ये मुंबईचा नकाशा आहे. मी तो आजच्या नकाशावर चढवला. राजाबाई टॉवर, व्ही.टी., क्रॉफर्ड मार्केट असे न हललेले बिंदू पकडले आणि जुना कागद ताणून बसवला. काम तेच जे मी ऑफिसात करते. कुलाब्याची लाइन ओव्हलच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारतींच्या अंगाने खाली उतरत गेली. ज्यांचे गोल गोल सज्जे बघायला परदेशी पाहुणे येतात, २०१८ मध्ये युनेस्कोने ज्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्या इमारतींच्या दारातून एके काळी समुद्र दिसला नसता, कारण तिथे दारच नव्हतं. पायाखाली रूळ, आणि पुढे पाणी.

दुसऱ्यांदा समुद्र हटवायला निघाले तेव्हाही गोंधळ झालाच. १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइडच्या नावाने ओळखली गेलेली ती योजना. भरावासाठी गाळ उपसणाऱ्या जहाजालाही 'सर जॉर्ज लॉइड' हेच नाव. उपसा कमी पडला, भराव गळत राहिला, खर्च फुगत राहिला. खुर्शेद नरिमन नावाच्या वकिलाने हा कारभार चव्हाट्यावर आणला, त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि त्यातून तो सुटला. लोक योजनेला 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणायला लागले. पुढे भरावाच्याच एका टोकाला नरिमनचं नाव दिलं, याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. योजना ठरली त्याच्या कितीतरी कमी झाली, पण गाडी खायला तेवढी पुरली.

*

एका रविवारी मी कुलाबा स्टेशन बघायला गेले. नकाशात ते आजच्या बधवार पार्कवर पडतं, रेल्वेच्या अधिकाऱ्यांची वसाहत आहे तिथे. बाजूला मच्छीमारनगर, सुकटीचा वास, दोरीवर वाळत घातलेले बोंबील. फाटकावर वॉचमन.

"कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. इथे पूर्वी स्टेशन होतं, ते बघायला आले."

त्याने मला नीट वर-खाली पाहिलं. आवाज मऊ केला, वेड्या माणसाशी बोलताना करतात तसा. "मॅडम, स्टेशन चर्चगेटला. इथून टॅक्सी मिळेल."

"नाही, इथेच होतं. चर्चगेटच्या पुढचं."

"चर्चगेटच्या पुढे गाडी येत नाही, मॅडम."

मला एकदम हसू आलं आणि लगेच थांबलं. माझ्या हातात मोबाइल होता, त्यात १९०९ चा नकाशा होता, मी त्याला दाखवू शकले असते. नाही दाखवला. "बरं" म्हणून वळले. मोबाइल बॅगेत टाकला आणि चर्चगेटपर्यंत चालत गेले. वीस-पंचवीस मिनिटं लागली. समुद्र एकदाही दिसला नाही.

*

आजीला कार्ड दाखवलं तोवर उशीर झाला होता. ती आता फारशी उठत नाही, मला कधी आईच्या नावाने हाक मारते, कधी अहोजाहो करते. मी चष्मा लावून दिला, उशी वर केली, कार्ड हातात दिलं.

"आजी, ही बघ कुलाब्याची गाडी. तू म्हणायचीस ना? बरोबर होतीस तू."

माझ्या डोक्यात या क्षणाचा एक नीट सिनेमा होता. तिचे डोळे भरून येतील वगैरे. तिने चित्रावरून बोट फिरवलं, माडांवर, समुद्रावर. धुरावर थांबली नाही. तिने ती गाडी पाहिलेलीच नव्हती, ऐकली होती. ऐकलेल्या गाडीला टॉवरवरून कोण ओळखणार? मग तिने कार्ड उलटं केलं, अगदी माझ्यासारखं, आणि पत्त्याकडे बघत राहिली.

"कोणाचं पत्र?"

"एका साहेबाचं. घरी पाठवलंय."

"पोचलं?"

"पोचलं."

"काय लिहितो?"

"बरा आहे म्हणतो. उकाडा आहे."

तिला ते पटलं. कार्ड छातीवर ठेवून तिने डोळे मिटले. मैत्रिणीला मी शेवटी मिक्सर दिला.

त्याच रात्री मी तिच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. खिडकीतून शेवटच्या कुठल्या तरी लोकलची घोषणा ऐकू येत होती. मला वाटलं ती झोपली.

"कुलाबा आलं का?"

मी लॅपटॉप मिटला.

"नाही आजी. आत्ता कुठे चर्चगेट."

"खिडकी लाव मग," ती म्हणाली. "पाणी येतं आत."

मी उठून खिडकी लावली.